वॉर्सात चढ नाही

ओल्शानका, २० मार्च १९७७

प्रिय वन्सं,

पत्राच्या पहिल्या शब्दात येशूची स्तुती असावी अशी आपल्या गावची रीत आहे, म्हणून ती केली. दुसऱ्या शब्दापासून तुमच्या बंधुराजांची तक्रार सुरू होते, ती शेवटपर्यंत चालेल.

फेब्रुवारीत संत वालेंटीच्या दिवशी, ह्यांच्या नावाच्या सणाला, काय झालं ते तारेत लिहिलंच होतं. हातात पेला घेऊन उभे राहिले, दोन शब्द बोलले आणि खाली बसले ते बसलेच. महिनाभर लिमानोव्हाच्या इस्पितळात काढला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा एक कोपरा गेला, उरलेलं जपून वापरायचं. सिगारेट बंद, मीठ कमी, आणि चढ अजिबात नाही. "सपाटीवर हळूहळू सायकल चालवलीत तर उलट चांगलं, पण चढ म्हणजे मरण," असं ह्यांच्या तोंडावर सांगितलं त्यांनी.

आता तुम्हीच सांगा वन्सं, तुमचं माहेर आहे हे, ओल्शानकात सपाट काय आहे? माझं स्वयंपाकघरातलं टेबल, तेही एका पायाने लंगडं. देऊळ वर, विहीर खाली, आणि आपलं घर तर सगळ्या गावाच्या डोक्यावर. ह्यांनी सगळा जन्म ह्या डोंगरावर टपाल पोचवलं, आणि चढावर सीटवरून खाली उतरले असं कधी कुणी पाहिलं नाही. नवा पोस्टमन झिग्मुंट पहिल्या वळणापासून सायकल ढकलत येतो, त्याला हे फाटकातून ओरडायचे, "काय रे, म्हैस पाण्याला नेतोयस का?" अख्खा गाव अजून त्या बिचाऱ्याला म्हैसवाला म्हणतो.

सायकल मी कोठारात कोंडली, किल्ली पोलक्यात ठेवली. गुरुवारी देवळातून आले तर कोठाराचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेलं. हे दुसऱ्या वळणावर मातीत बसलेले, ओठ निळे पडलेले. मला म्हणतात, "देखावा बघत होतो." घरी आणलं, दूध दिलं, आणि गोठ्यात जाऊन रडले.

म्हणून पदर पसरते. शरदापर्यंत त्यांना ठेवून घ्याल का? सायकल बरोबर पाठवावी लागेल, नाहीतर माणूस गाडीत बसणार नाही. सगळे म्हणतात वॉर्सा सपाट आहे. पण तुम्ही मला शपथेवर सांगा, तिथे कुठे चढ आहे का? मांजराला दुधाचा वास येतो तसा ह्यांना चढाचा येतो.

तुमची वहिनी,
आपोलोनिया

*

वॉर्सा, २९ मार्च

प्रिय वहिनी,

मांसाच्या रांगेत उभी राहून तुझं पत्र वाचलं आणि तिथेच डोळे पुसले. पुढच्या बाईला वाटलं, मांस संपलं म्हणून रडतेय. तीही रडायच्या बेताला आली.

पाठव दादाला. विचारायचं काय त्यात? माझा नवरा गेल्यापासून पलीकडची खोली रिकामीच आहे. आणि चढाचं म्हणशील तर हाताच्या काकणाला आरसा कशाला, एकदा येऊन बघ. खुर्चीवर उभं राहिलं तर मॉस्को दिसेल असं हे शहर. मी पंचवीस वर्षं इथे राहतेय, पण चढ कसा असतो ते इथल्या लोकांना चित्रात दाखवावं लागतं. आपल्या माणसाला इथे आल्यावर पहिला महिना पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही. माझ्या घराच्या मागे नदी आहे, नदीकाठाने सरळ रस्ता जातो. त्यावर दादाने सायकल चालवावी, बाकावर बसावं, बदकांना दटावावं, त्यांचं काही बिघडत नाही.

तू आता निर्धास्त झोप. रविवारी चर्चमध्ये मिसाला वर जाईन तेव्हा दोघांच्या नावाने मेणबत्ती लावीन.

तुझी,
लुद्विका

*

ओल्शानका, ४ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. ईस्टर झाला की मंगळवारच्या गाडीत बसवून देते. बरोबर आलुबुखार देतेय, आपले धुरावर सुकवलेले, तुम्हाला आवडतात ते. ह्यांच्यापासून ते लपवून ठेवा.

पण एक विचारते, रागावू नका. तुम्ही लिहिलंत, "मिसाला वर जाईन." वर म्हणजे कुठे? सपाट शहरात माणूस वर कसा जातो? पत्र मी चार वेळा वाचलं, दर वेळी त्या शब्दाशी येऊन अडखळले. तुम्ही म्हणाल, वहिनी वेडी झाली. झालेय. निळे ओठ तुम्ही पाहिले नाहीत.

आपोलोनिया

*

वॉर्सा, १६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्यासारखी बाई सरकारने टपाल तपासायला ठेवली पाहिजे! अगं, वर म्हणजे वरच्या अंगाला. आम्ही नदीशी राहतो, मुख्य रस्ता आणि चर्च जरा उंचावर. नदीचा काठ आहे तो, दुसरं काय. आपल्या बटाट्याच्या शेताचा बांध त्याहून उंच असेल. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन न थांबता जाते. ह्याला चढ म्हणायचं तर पायरीला डोंगर म्हणावं लागेल. दादाला तर तो दिसायचासुद्धा नाही.

तो सुखरूप पोचला. स्टेशनवर उतरल्या उतरल्या चारी बाजूंना बघून म्हणाला, "लुद्विका, इथल्या लोकांनी असं काय पाप केलं?" पहिले दोन दिवस तोंड पाडून बसला. सपाटीवर पेडल मारताना आपण जागच्या जागीच आहोत असं वाटतं म्हणे. आता सवय झालीये. न्याहारी करून निघतो, जेवायला परततो. गालांवर रंग आलाय. बिनमिठाचं सूप पितो आणि मिठाच्या डबीकडे असा बघतो की डबीलाच लाज वाटावी.

काळजी सोड आता.

लुद्विका

*

ओल्शानका, १२ जून

प्रिय वन्सं,

तुमची तीनही पत्रं मिळाली. ह्यांची कार्डंही येतात. प्रत्येकावर तेच, "तब्येत ठीक, हवा ठीक, सगळं सपाट." एवढं शहाणं वागणं ह्यांनी जन्मात केलं नाही. खरं सांगू, त्याचीच मला धास्ती वाटते.

गवत कापायला आलंय. शेजारच्या कुझ्माने अर्धं कापून दिलं. संध्याकाळी दोन थाळ्या मांडते आणि मग एक उचलून ठेवते. ह्या माणसाच्या घोरण्याला मी एवढी वर्षं शिव्या दिल्या, आता ते नाही तर झोप लागत नाही. त्यांची आठवण येते वन्सं. फार येते. बाईमाणसाने ह्या वयात असं लिहू नये, पण तुमच्याशिवाय कुणाला लिहू?

दिवसभर एकच विचार डोक्यात फिरतो. शरदात ते परत येतील, आणि मग? बसथांबा खाली, घर वर. एकदा वर आले की खाली जायचं नाही, खाली गेले की वर यायचं नाही. म्हणजे घरात डांबून ठेवल्यासारखंच की. आणि ते डांबून घेणाऱ्यांतले नाहीत. म्हणून मी आपल्या गावातल्या मार्चानाच्या पुतण्याशी बोलले. त्याला वरचं घर आणि गोठा हवाय, त्याच्या बदल्यात खाली बसथांब्यापाशी त्याच्या दोन खोल्या आहेत त्या आम्हाला देईल. तिथे अंगण सपाट आहे. खिडकीतून आपलं घर दिसत नाही, तेही बरंच. सप्टेंबरअखेरच्या संत मिखाएलच्या सणापर्यंत त्याला होकार द्यायचाय. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर आहे, तुमचाही जन्म तिथलाच. तुम्ही मला दोष दिलात तरी चालेल. मला घर नको, माणूस हवाय.

ह्यातलं एक अक्षरही ह्यांना कळू देऊ नका.

आपोलोनिया

*

वॉर्सा, २४ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. घराचं कळलं. मी कशाला दोष देऊ? पण घाई करू नकोस एवढंच म्हणते.

इथे सगळं ठीक. उकाडा फार आहे. दादा हल्ली लवकर निघतो, उन्हाच्या आधी. थोडं कमी बोलतो. जेवण व्यवस्थित. आज घाईत आहे, म्हणून एवढंच.

लुद्विका

*

ओल्शानका, १५ जुलै

वन्सं,

आज येशूची स्तुती मनातल्या मनात करते, कागदावर आधी तक्रार.

तुमचं मागचं पत्र चार ओळींचं. तुम्ही, चार ओळी? तुम्ही तर साधं बटण तुटल्याचं दोन पानं लिहिता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आणि आज तुमच्या भावाचं कार्ड आलं. तब्येत ठीक, हवा ठीक, आणि खाली बारीक अक्षरात, "कोठारातल्या पत्र्याच्या डब्यात ब्रेकचे रबर आहेत, ते कुणाबरोबर तरी पाठव. इथले झिजले."

झिजले!

वन्सं, मी पोस्टमनची बायको आहे. आयुष्यभर ह्यांच्या विजारीवरची ती काळी भुकटी साबणाने घासली मी. सपाटीवर ब्रेक झिजत नाहीत. सपाटीवर पेडल थांबवलं की सायकल आपोआप थांबते. ब्रेक झिजतात ते उतारावर. आणि उतार का आभाळातून पडतो? जो उतरतो तो आधी चढलेला असतो. एप्रिलमध्ये नवे रबर मीच बसवून दिले होते. इथे डोंगरावर त्यांना झिजायला वर्ष लागायचं.

तुम्ही मला शपथेवर लिहिलंत, चढ नाही. बांध आहे, पायरी आहे, दादाला दिसायचा नाही. दिसला ना? मी माझ्या हातांनी त्यांना गाडीत बसवलं, सायकल वर चढवली, आणि मरणाच्या दारात पाठवलं. तुमच्या शब्दावर पाठवलं.

काय चाललंय ते खरं लिहा. मी रबर पाठवत नाहीये. आणि नाही पाठवले तर हे झिजल्या ब्रेकवर उतरतील, म्हणून पाठवतही आहे. पाकीट सोबत जोडलंय. बघा माझी काय गत करून ठेवलीत तुम्ही दोघा भावंडांनी.

आपोलोनिया

*

ओल्शानका, १ ऑगस्ट

वन्सं,

उत्तर नाही. ह्यांचं कार्डही नाही. झिग्मुंट रोज फाटकाशी येऊन मान हलवतो, आता तर माझ्याकडे बघवत नाही म्हणून लांबूनच हलवतो. पोस्टातून फोन लावला, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी उचलला नाही. रागाने लिहिलं असेल तर पाय धरते. जे काही झालं असेल ते लिहा. वाईट असेल तरी लिहा. वाईट कळल्यावर माणूस रडतं तरी, मला नुसतं उभं राहवत नाही नि बसवत नाही.

आपोलोनिया

*

वॉर्सा, ४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पहिल्यांदा हे वाच: दादा जिवंत आहे, घरी आहे, ह्या क्षणी पलीकडच्या खोलीत घोरतोय. आता बस आणि बाकीचं वाच. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण तुला अर्धवट काही कळवायचं धाडस झालं नाही. मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझी पत्रं मी न्याहारीला दादाला मोठ्याने वाचून दाखवते. त्याला तुझा आवाज ऐकल्यासारखं वाटतं. जूनचं ते पत्रही तसंच फोडलं आणि वाचत सुटले. तू आठवण येते लिहिलंयस, तिथे तो खिडकीकडे बघायला लागला. मग घर आलं, मार्चानाचा पुतण्या आला, दोन खोल्या आल्या. आणि "ह्यांना कळू देऊ नका" हे तू सगळ्यात शेवटी लिहिलं होतंस, वहिनी! असं पहिल्या ओळीत लिहितात गं. दादाने पाव संपवला, तोंड पुसलं, सायकल घेऊन गेला. म्हणून माझं पत्र चार ओळींचं होतं.

चढाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे रस्ते ठाऊक होते, रोज तुडवते मी ते. पण आपल्या डोळ्यांना ते चढ वाटतच नाहीत. तुझं रबराचं पत्र आलं त्या दिवशी भाजीवाल्या गुटकोव्स्का बाईला विचारलं, "बाई, आपल्याकडे चढ आहे का हो?" ती म्हणाली, "म्हणजे काय! कारोवाचा रस्ता चढताना माझा जीव जातो. तुमचे भाऊ रोज तिथेच तर असतात." मला घामच फुटला. रोज!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे गेले. कारोवाचा रस्ता नदीकडून निघतो आणि दगडी पुलाखालून गोल वळण घेत वर मुख्य रस्त्याला लागतो. मी कोपऱ्यावर उभी राहिले. मनात म्हटलं, आता हा पेडलवर उभा राहून जोर मारणार आणि माझ्या डोळ्यांदेखत पडणार.

वहिनी, तो उतरला.

वळणाच्या तोंडाशी सायकलवरून खाली उतरला आणि ढकलत चालू लागला. आपला दादा! एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायचं, थांबायचं, कठड्याला हात टेकून श्वास घ्यायचा, मग पुढे. बाळाची गाडी ढकलणारी एक बाई त्याला मागे टाकून गेली. एक म्हातारी नन गेली, तिला त्याने टोपी काढून वाट दिली. वर पोचला, फुटपाथच्या कडेला बसला, मग सायकलवर बसून ब्रेक दाबत दाबत हळूहळू खाली आला. आणि पुन्हा उतरला, पुन्हा ढकलायला लागला. तुझे रबर तिथे झिजले.

मी धावत वर गेले आणि भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. वहिनीला फसवतोस, मला फसवतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "लाजेचंच तर शिकतोय. इथे मला कुणी ओळखत नाही, लुद्विका. पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा वाटलं अख्खं वॉर्सा हसतंय. कुणी बघितलंसुद्धा नाही. आपोलोनिया माझ्यासाठी घर देऊन टाकणार आहे. मला तिच्यापर्यंत चालत वर जाता आलं तर नाही ना द्यावं लागणार?" हे ऐकून मी रडायला लागले, आणि तेवढ्यात त्याने छातीवर हात दाबला. माझ्या ओरडण्याने झालं ते, चढाने नाही. देव मला क्षमा करो.

इस्पितळात दोन आठवडे ठेवलं. पुन्हा झटका नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदय अपेक्षेपेक्षा बरं आहे, हळू चालण्याने फायदाच झालाय. गावी जायला हरकत नाही. चढ चालत, थांबत थांबत चढायचा. पण चढावर एकदा जरी सीटवर बसून पेडल मारलं, तर कुणाच्या हातात काही राहणार नाही. मग त्यांनी विचारलं, "गावीसुद्धा उतराल ना?"

दादा म्हणाला, "बघू."

लुद्विका

*

ओल्शानका, ९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

जिवंत आहेत हे वाचून मी जमिनीवरच बसले. झिग्मुंटने पाणी आणून दिलं. तुमच्यावर रागावू तरी कशी? घराचं लपवा म्हणून मी सांगितलं, तुम्ही बोलून बसलात, ह्यांनी गप्प राहून भलतंच चालवलं. एका माळेचे मणी आपण.

ते उतरले, ढकलत गेले, हे वाचताना मला ह्यांचा एवढा कळवळा आला की पत्र बाजूला ठेवावं लागलं. माझ्यासाठी केलं त्यांनी हे. मला वाटत होतं, माझ्या हुकमातून सुटायला पळतायत.

पण वन्सं, त्यांना पाठवू नका.

"बघू" म्हणाले ना? ह्या माणसाचं बघू मला माहीत आहे. लग्नात नाचताना पाय मुरगळला तेव्हा "थांबू या का" विचारलं, तर "बघू" म्हणाले आणि पहाटेपर्यंत नाचले. वॉर्सात ननला वाट देणं वेगळं. इथे बसमधून उतरलं की समोर सहकारी दुकान, दुकानासमोर बाक, बाकावर कुझ्मा आणि त्याची टोळी. पंधरा तारखेच्या देवळातल्या सणानंतर तर दिवसभर तिथेच पडीक असतात. त्या बाकासमोरून ह्यांनी आयुष्यभर एका उडीत सीटवर बसून चढ घेतलाय, आणि ढकलणाऱ्या प्रत्येकाची टर उडवलीये. त्यांच्यासमोर हे म्हैसवाले होतील? मरतील, पण होणार नाहीत. चढाची नाही, मला त्या बाकाची भीती वाटते.

घर मी देऊन टाकते. बटाटे निघाले की मीच वॉर्साला येते आणि त्यांना खालच्या दोन खोल्यांत घेऊन जाते. तोवर सायकलला कुलूप घाला.

आपोलोनिया

*

तार
वॉर्सा, १६ ऑगस्ट

दादा सकाळच्या गाडीने निघाला. तुझं पत्र त्यानेच वाचलं. सायकल बरोबर आहे. अडवलं पण ऐकलं नाही. लुद्विका

*

ओल्शानका, २१ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

पत्राच्या पहिल्या शब्दात येशूची स्तुती, आणि ह्या वेळी ती शेवटच्या शब्दापर्यंत पुरेल.

तुमची तार झिग्मुंटने दुपारी आणली. वाचली आणि हातातली बादली तशीच टाकून खाली धावले. संध्याकाळच्या बसला अजून अवकाश होता, पण मला घरात राहवेना. शेवटच्या वळणावर हेझलची झुडपं आहेत ना, तिथून दुकान आणि बाक दोन्ही दिसतात. तिथे उभी राहिले. बाक भरलेलं होतं. सणाचे उरलेले सगळे तिथेच.

बस आली. हे उतरले, ड्रायव्हरने मागून सायकल काढून दिली. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. "आले, पोस्टमास्तर आले!" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी टोपी उडवली. मग त्यांनी वाट करून दिली. दोन्ही बाजूंना सरकले, मधे रस्ता मोकळा. सगळ्यांना ठाऊक ना, आता वालेंटी एका उडीत सीटवर बसणार.

ह्यांनी हँडल धरलं आणि डावा पाय पेडलवर ठेवला.

वन्सं, मी हाक मारणार होते. मनात एवढंच आलं की आता मी पळत सुटले तरी पोचणार नाही. किती वेळ ते तसे उभे होते देव जाणे. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि सायकल ढकलत चालू लागले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुझ्मा ओरडला, "काय हो वालेंटी, राजधानीत चेन चोरीला गेली की काय?" सगळे खो खो हसले. हे थांबले. तसंही थांबायलाच हवं होतं त्यांना, पुरेसं चालून झालं होतं. वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चेन जागेवर आहे, कुझ्मा. मीच उतरलोय. वर बायको आहे, तिच्यापर्यंत पोचायचंय मला."

त्यावरही एकजण हसला, पण एकटाच. कुझ्मा बाकावर बसला आणि आपले बूट बघत राहिला.

हे एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत येत होते, थांबत होते, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसे. ओठांकडे लांबून बघत होते मी. लाल होते. मी झुडपांतून बाहेर आले आणि खाली गेले. मला बघून म्हणाले, "तू इथे? कधीपासून उभी आहेस?"

मी म्हटलं, "फेब्रुवारीपासून."

हँडलची एक बाजू मी धरली, एक त्यांनी, आणि वर आलो. फाटकाशी पोचलो तेव्हा गाई धारेसाठी हंबरून दमल्या होत्या. मार्चानाच्या पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगून आले.

डॉक्टरबाई म्हणाल्या तसं आता रोज चालायचं म्हणतात. म्हणजे रोज खाली जाणार आणि रोज वर येणार, आणि मी रोज त्या वळणावर जीव मुठीत धरून उभी राहणार. राहीन.

आपोलोनिया